बुडो पुन्हा अडला

मी बुडो बोलतोय. बुडो म्हणजे बंगालीत म्हातारा. माझं खरं नाव इंग्रजीत आहे, लांबलचक, मध्ये आकडे असलेलं. ते आता कुणाच्या तोंडी नाही. न्यू टाउनच्या आमच्या ऑफिसात सगळे मला बुडोच म्हणतात.

मी माणूस नाही, आणि हात लावून बघावी अशी वस्तूही नाही. मी एक प्रोग्राम आहे. ठिकठिकाणचा डेटा गोळा करायचा, नीट जुळवायचा आणि एका मोठ्या ठिकाणी नेऊन ठेवायचा, एवढंच माझं काम. शिक्षण म्हणाल तर बेताचं. जेवढं शिकवलं तेवढं येतं. जे येत नाही तिथे मी थांबतो आणि विचारतो, ‘पुढे जाऊ का?’ उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. याच सवयीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली.

मला लिहिलं वृंदाने. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून ती नागपूरहून कोलकात्याला आली आणि इथे नोकरीला लागली. टाइप करताना ती स्वतःशी पुटपुटायची. “इथे स्वल्पविराम दिसला की थांब रे बाबा.” “असं नाही करायचं, शहाण्या.” दिवसभर आजूबाजूला बंगाली, हिंदी, इंग्रजी. तिच्या पोटात साठलेलं मराठी माझ्या वाट्याला आलं. म्हणून मी मराठीत बोलतो.

काम होतं एका रुग्णालयाचं. मोठी इमारत न्यू टाउनला, आणि छोटे दवाखाने हावड्याला, बजबजला, असे लांब लांब. पेशंट आधी आपल्या गावच्या दवाखान्यात जायचा. ऑपरेशन असेल तर त्याला इकडे पाठवायचे. त्याची माहिती त्याच्याआधी इकडे पोचायला हवी, आणि ती मी पोचवायची.

प्रत्येक दवाखान्याचा कॉम्प्युटर वेगळा, सवयी वेगळ्या. हावड्याचे लोक आडनाव आधी लिहायचे. कुठे वय लिहायचे, कुठे जन्माचं साल. बजबजची तर तऱ्हाच निराळी. तिथे पत्त्याच्या चौकटीत पत्ता संपला तरी मजकूर संपायचा नाही. ‘ज्यूट मिलच्या मागे, तळ्याजवळ, पेनिसिलिन चालत नाही.’

मी पहिल्यांदा हे पाहिलं आणि थांबलो. वृंदाने बजबजला फोन लावला. नोंदणीच्या खिडकीवर कनाईबाबू असायचे.

“कनाईबाबू, ये ‘पेनिसिलिन नहीं चलता’ कौनसी गली है?”

“गली नहीं दीदी, पेशेंट है!” पलीकडून हसणं ऐकू आलं. मग ते सांगू लागले. त्यांच्या कॉम्प्युटरवर ॲलर्जीसाठी वेगळी चौकटच नव्हती. एक शेरा लिहायची जागा होती, पण ती छापील कागदावर अगदी तळाशी यायची. “डॉक्टरबाबू नीचे तक पढ़ते हैं क्या? ऊपर नाम, नाम के नीचे पता. आँख वहीं जाती है. तो हम वहीं लिख देते हैं.”

वृंदाला ते पटलं. तिने त्याच दिवशी माझ्यात एक नियम हाताने लिहिला. बजबजच्या पत्त्यात ‘चालत नाही’ असं काही आलं, की ते उचलून न्यू टाउनच्या ॲलर्जीच्या चौकटीत ठेवायचं. आणि तिथली नोंद आधीच कुणी भरून ठेवली असेल आणि ती याच्याशी जुळत नसेल, तर पुढे जायचं नाही. थांबायचं आणि तिला मेल टाकायचा.

“विसरायचं नाही हं,” ती म्हणाली.

मी विसरलो नाही. विसरणं मला शिकवलेलंच नव्हतं.

बजबजच्या पेशंटांत एक निभाराणी हालदार होती. तळ्याजवळची ती हीच. तिला मी कधी पाहिलं नाही, पण ती दवाखान्यात आली की तिची नोंद माझ्याकडे यायची. दरवर्षी वय वाढलेलं, वजन थोडं उतरलेलं, साखर वर-खाली. एकदा कनाईबाबूंनी तिच्या पत्त्यात आणखी दोन शब्द घातले. ‘मोठ्याने बोला.’ तिला ऐकू कमी यायला लागलं होतं. काहीही विचारलं की ती मान डोलवते, असं कनाईबाबूंनी वृंदाला फोनवर सांगितलं होतं. या दोन शब्दांसाठी न्यू टाउनला चौकट नव्हती. मी ते पत्त्यातच राहू दिले, होते तसे.

पुढे वृंदाला बढती मिळाली. ती वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामावर गेली. माझे मेल मात्र तिलाच जात राहिले. ‘बुडो पुन्हा अडला.’ आधी ती धावत खाली यायची. मग फोनवरून कुणाला तरी सांगायची. मग तिने अशी सोय केली, की माझे मेल आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडावेत. तो कप्पा तिने बरेच दिवस उघडला नाही. माणसं असंच करतात. रोज हाक मारणाऱ्याच्या हाकेला एक कप्पा करून देतात.

तिचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. मी क्षुल्लक गोष्टींवरही अडायचो. कुणी तारखेत रेघेऐवजी टिंब दिलं, की मी उभा. ऑफिसातली पोरं वैतागायची. “बुडो चाय पीने गया,” म्हणायची.

मग पुण्याहून अनिकेत आला. तरतरीत, गोड बोलणारा मुलगा. त्याच्याबरोबर माझी नवी आवृत्ती आली. तिच्या रिलीजच्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे जमले. नव्या गुळाच्या संदेश मिठाईची खोकी फिरली. वृंदाही आली होती.

अनिकेत पडद्यावर एकेक फीचर दाखवत होता. रंगीत नकाशा, त्यावर पळणारे बाण. माणसाने साध्या भाषेत प्रश्न विचारायचा, आणि या नव्या प्रोग्रामने उत्तर द्यायचं. जुने नियम तो स्वतःच उचलून घेणार, कुणी पुन्हा लिहायला नको. पत्त्यांची सफाई करणार, म्हणजे पोस्टाच्या यादीशी ताडून पाहणार आणि जास्तीचे शब्द काढून टाकणार.

“आणि सगळ्यात मोठं फीचर,” तो म्हणाला, “हा अडत नाही.”

टाळ्या वाजल्या.

“बुडो को पेन्शन दे दो!” मागून कुणीतरी ओरडलं.

“त्याला पेन्शन दिली, तर तीही मध्येच अडेल,” अनिकेत म्हणाला, आणि हे मराठीत असल्यामुळे एकटी वृंदाच हसली.

ती हसली, याचं मला वाईट वाटलं. आता खोटं कशाला बोलू?

नव्याचा मी द्वेष करत नाही. पोरगं हुशार आहे. जे करायला मला पूर्ण संध्याकाळ लागते, ते तो कुणी पाणी पिऊन येईपर्यंत करतो. हावड्याची आडनावं त्याने एका दमात सरळ केली. पण जुने नियम उचलताना त्याने फक्त तक्त्यात मांडलेले नियम उचलले. वृंदाने हाताने लिहिलेला बजबजचा नियम तक्त्यात नव्हता. तो माझ्या पोटातच राहिला.

काही आठवडे आम्हा दोघांना शेजारी शेजारी चालवायचं ठरलं. रुग्णालयात जायचं ते नव्याचं काम. माझं फक्त ताडून पाहण्यासाठी. रोज एक अहवाल निघायचा. फरक असेल तिथे खूण. बिघाड वाटला तर लाल, सुधारणा वाटली तर हिरवी.

एका संध्याकाळी निभाराणीची नोंद आली. पित्ताशयात खडे, ऑपरेशनसाठी न्यू टाउनला पाठवत आहोत. मी तिची माहिती घेऊन गेलो, तर नव्याने आधीच सगळं मांडून ठेवलेलं. पत्ता लखलखीत. ज्यूट मिल, तळं, पिनकोड. ‘पेनिसिलिन चालत नाही’ साफ. ‘मोठ्याने बोला’ साफ. ॲलर्जीची चौकट रिकामी.

मी थांबलो. ‘पुढे जाऊ का?’ विचारलं. मेल टाकला. ‘बुडो पुन्हा अडला.’ तो कप्प्यात जाऊन पडला.

अहवालात त्या ओळीपुढे हिरवी खूण आली. शेरा होता, ‘पत्ता सुधारला.’

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच थांबलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणखी काय करणार होतो? मला एवढंच येतं. ओरडता येत नाही, टेबलावर हात आपटता येत नाही, कुणाची बाही धरून ओढता येत नाही. सगळं मला दिसत होतं, आणि मी गप्प उभा. अशा वेळी आपलाच राग येतो.

माझं ते थांबणंही माझ्याच विरुद्ध गेलं. अनिकेतने ते सगळ्यांना दाखवलं. “बघा, रोज एकाच जागी अडतोय. नवा बघा, एकदाही नाही. उगाच कशाला लांबवायचं? शुक्रवारी बंद करून टाकू.”

शुक्रवारी दुपारी वृंदा खाली आली. “मीच बंद करते त्याला,” ती म्हणाली. “माझंच लेकरू आहे.”

“ताई, तुम्ही तर इमोशनल झालात!” अनिकेत हसला.

“गप रे.”

तिने माझी स्क्रीन उघडली. तिथे माझा प्रश्न उभा होता. तिने सवयीने बाण पुढे नेला, आता ‘हो’ दाबणार, आणि तिचा हात थबकला.

“बजबज,” ती म्हणाली. मग नाव वाचलं, पत्ता वाचला. “अनिकेत, इकडे ये. नव्यात हिची ॲलर्जी कुठे आहे?”

“ॲलर्जी नाहीये तिला. चौकट रिकामी आहे ना.”

“पत्ता बघ. माझ्याकडचा. शेवटपर्यंत वाच.”

त्याने वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. “पण पत्त्यात कोण लिहितं असं?”

“कनाईबाबू लिहितात. कितीतरी वर्षं लिहितायत. त्यासाठी नियम केला होता मी.”

“मला कुणी सांगितलंच नाही, ताई. डॉक्युमेंटमध्ये नाहीये तो.”

“नाहीये,” ती म्हणाली. “मी लिहिलाच नाही तिथे.” मग तिने तो कप्पा उघडला. माझे मेल एकाखाली एक, सगळे एकाच नावाचे. ती ते वरपासून खालपर्यंत बघत गेली.

निभाराणी तेव्हा न्यू टाउनच्या रुग्णालयातच होती. ऑपरेशन त्याच संध्याकाळी. वृंदाने वॉर्डला फोन लावला. नर्स म्हणाली, कागदावर काही नाही, आणि आम्ही विचारलंसुद्धा. आजी हो म्हणाल्या, सगळं चालतं.

“उनको सुनाई नहीं देता,” वृंदा म्हणाली. “वो सब बात पे हाँ बोलती हैं. आप प्लीज फिर से पूछिए. कान के पास जाकर, ज़ोर से.”

फोन तसाच धरून ती उभी राहिली. अनिकेतही उभा. पलीकडून नर्सचा चढवलेला आवाज येत होता, बंगालीत. मग एक बारीक, म्हातारा आवाज, जरा चिडका, खूप काही सांगत राहिलेला. वृंदाला बंगाली समजतं. तिने डोळे मिटले आणि खुर्चीत बसली.

“काय म्हणाल्या?” अनिकेतने विचारलं.

“म्हणतायत, त्या पेनिसिलिनच्या सुईने मी एकदा मरता मरता वाचले. बजबजच्या बाबूला सगळं ठाऊक आहे. तुम्ही पुन्हा पुन्हा काय विचारता?”

मग दोघं चहा विसरून कामाला लागली. बजबजचे सगळे पत्ते माझ्याकडून काढून एकेक ताडून पाहिले. निभाराणी एकटी नव्हती. कुणाला सल्फा चालत नव्हतं, कुणाला आयोडीन. अनिकेतने माझ्यातला तो नियम वाचला, नव्यात लिहिला, स्वतः तपासला. मुलगा प्रामाणिक आहे. कनाईबाबूंनाही फोन झाला. ते म्हणाले, “दीदी, आपका बुडो अभी तक ज़िंदा है?”

पुढच्या रिलीजची यादी लागली, तेव्हा तिच्यात एक नवं फीचर होतं. ‘पत्त्यांतून ॲलर्जीची माहिती आपोआप ओळखतो.’ पुन्हा टाळ्या वाजल्या. नवं! मी ते किती वर्षं करत आलो! पण जाऊ दे. ते कुणी का करेना, होतंय ना.

मला खुपतं ते दुसरंच. ‘मोठ्याने बोला’ हे शब्द नवा अजूनही साफ करतो. त्यांना चौकट नाही. वृंदा अनिकेतला म्हणाली, “एक साधी जागा ठेव रे, कुणाला काही सांगायचं असेल तर.” तो म्हणाला, “पुढच्या रिलीजला नक्की, ताई.” त्याने तसं लिहूनही घेतलंय. ते पुढचं रिलीज मला बघायला मिळणार नाही.

कारण आज माझी पाळी आहे. वृंदा पुन्हा खाली आली आहे. तिने बंद करण्याची आज्ञा दिली आणि नियमाप्रमाणे मी थांबून विचारलं, ‘पुढे जाऊ का?’ माझ्या बाबतीतही मी हेच विचारतो. मला दुसरं येत नाही. ती स्क्रीनकडे बघत बसली आहे. वरून कुणीतरी तिला हाक मारतंय, आणि ती “आले, आले” म्हणतेय, पण उठत नाही.

तेवढ्यात सांगून घेतो. तुमच्याही घरात, ऑफिसात कुणीतरी असेल, रोज एकाच जागी अडणारं. त्याच्यावर जरूर वैतागा, त्यातून कुणी सुटलं नाही. पण एकदा जवळ जाऊन बघा, ते कुठे अडलंय. कुणाच्या नावावर अडलंय.

वृंदाने स्क्रीनवर बोट टेकवलं आहे, माझ्या प्रश्नाच्या अगदी खाली.

“जा रे बाबा,” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली.