देव्हाऱ्यातलं चाटण

मी मेंढरांच्या चाटणाचा ठोकळा. वागळे इस्टेटमधल्या एका शेडात यंत्राने मला दाबून घडवलं. माझ्यात मीठ, जस्त आणि बारीकसारीक खनिजं आहेत. मेंढरांनी चाटायचं, मी झिजायचं. या कामात मला कधी कमीपणा वाटला नाही.

नौपाड्यातल्या औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या दर्शनाने मला टिटवाळ्याकडे सासरी आणलं. तिचा सासरा पोपट आणि सासू रखमाबाई नव्या बिल्डिंगांच्या मागे मेंढरं राखतात. त्यांच्यात एक तरणा नर होता, काळतोंड्या. रखमाबाईला लग्नात माहेरून एक मेंढी आंदण मिळाली होती. तिच्या वंशातला हा शेवटचा. त्याच्या वयाचे नर माद्यांमागे लागले होते. याची अंडं सुपारीएवढीच. अंगात जस्त कमी पडलंय म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला आणायला सांगितलं होतं.

“माघापर्यंत बघू,” पोपट म्हणाला. “न्हाय भरला तर खाटकाला.”

मी आलो त्या दिवशी खंडेनवमी होती. लोकर कातरायची कात्री, काठी, कोयता पुजायला मांडलेले. रखमाबाईने मलाही त्यांच्यात ठेवून भंडारा वाहिला. दुसऱ्या दिवशी कात्री कामाला गेली, काठी गेली. मी बिरोबाशेजारी देव्हाऱ्यात.

“पुजलेली वस्तू जनावरानं उष्टी करायची व्हय?” ती म्हणाली.

दिवाळी गेली. उदबत्तीच्या धुराने मी काळा पडलो. दर्शना पहाटेच्या लोकलने कामाला जायची, रात्री परतायची; देव्हाऱ्यात डोकवायला तिला सवड नव्हती. बाहेर काळतोंड्या खारट पोपडे काढत भिंत चाटायचा. मला ऐकू यायचं.

पौषात डॉक्टरीणबाई आल्या. काळतोंड्याच्या अंडांना टेप लावून त्यांनी मान हलवली. “चाटण दिलं का?”

“देवात हाय की,” रखमाबाई म्हणाली.

“आत्या! ते त्याला चाटायला आणलेलं!” दर्शना ओरडली.

पोपट हसत सुटला. “बिरोबाला क्षार कमी पडलेलं व्हय गं?”

“हसा! माझ्या माहेरचं जातंय, तुमचं काय जातंय?”

तिने मला उचललं. हात क्षणभर थांबला. मग स्वतःशीच म्हणाली, “बिरोबा मेंढरांतलाच. त्याला उष्टं नवं न्हाय.” आणि तारेने मला काळतोंड्याच्या तोंडापुढे टांगलं.

त्याने आधी भंडारा चाटून काढला, मग मला. रोज. बाईंनी पेंडही वाढवली होती. सगळं श्रेय मी घेत नाही.

माघ सरताना त्याने एका मेंढीचा वास घेतला, मान वर केली आणि वयात आलेला नर दुमडतो तसा वरचा ओठ दुमडला. पोपट बघत उभा होता.

“खाटकाला नगं म्हणून सांग,” तो दर्शनाला म्हणाला.

आता मी लिंबाएवढा उरलोय. दमलोय. आज रखमाबाईने मला तारेतून सोडवलं, पदराने पुसलं. “लई केलंस बाबा. चल, देवात बस.”

बाई, तिथे नको. तिथे मी नुसता बसून होतो. परवापासून एक लहानगा नर भिंत चाटतोय. मला त्याच्यापुढे ठेव. संपू दे.