तिसऱ्या दिवसाचं रक्त

प्रेमानंद गडचिरोलीकडे रस्त्याच्या कामावर गेला आणि मलेरिया घेऊन मौद्याला परतला. आशा कार्यकर्त्या शोभाताईंनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि त्याच्या आईला, सिंधूताईंना बजावलं, "तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासाचं. जंतू तसेच दिसले, तं औषध फेल जाणार हाय समजाचं. मंग लगेच दुसरं देता येते."

सिंधूताईंनी मान डोलावली. कळलं म्हणूनच माणूस मान डोलावतो, असं थोडंच आहे!

तिसऱ्या दिवशी प्रेमानंदचा नुकताच कुठे डोळा लागला होता. त्याची बायको रोशनी मागच्या अंगणात धुणं धूत होती. शोभाताईंनी सुई आणि काचपट्टी काढली, तेवढ्यात फोन वाजला. घरात रेंज नाही म्हणून त्या बाहेर गेल्या. लेकाची बोटं आधीच टोचून टोचून काळीनिळी झालेली. सिंधूताईंचा जीव तुटला. आपल्याच पोटचा आहे, रक्त काय वेगळं असणार, म्हणून त्यांनी सुई स्वतःच्या बोटाला टोचली आणि थेंब काचेवर ठेवला.

"घेतलं वं रक्त. झोपू दे त्याले," त्या म्हणाल्या. शोभाताईंना अजून चार घरं उरकायची होती. त्यांनी काच उचलली.

रिपोर्ट साफ आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

दोन दिवसांनी ताप पुन्हा भडकला. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहिला आणि मलेरिया सोडून डेंगू, टायफॉइड शोधत बसले. प्रेमानंद माणसं ओळखेना, तेव्हा कुठे डॉक्टर नंदिनीने पुन्हा रक्त घेतलं.

"रक्त जंतूंनी भरलंय. मग तेव्हा साफ कसं आलं?"

सिंधूताईंनी सांगून टाकलं. नंदिनी रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बघत म्हणाली, "आई, त्या एका रिपोर्टवर आम्ही सगळे विसंबलो."

इंजेक्शनं लगेच सुरू झाली, पण तोवर किडन्या गेल्या होत्या. गुरुवारी दुपारी प्रेमानंद गेला.

व्हरांड्यात सिंधूताई रोशनीसमोर उभ्या राहिल्या. हिनं आपल्याला धरून बदडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रोशनीनं हातही उचलला नाही.

"मले आवाज काहून नाही देला, आई?" ती म्हणाली. "मी धरला असता ना त्याचा हात."