पहाऱ्याची वीणा

मंजुषाने क्लासमध्ये प्रोजेक्टसाठी वीणेची कल्पना मांडली, तेव्हा सगळ्यांत आधी हसला होता तो शेखर. आणि आठवडा उलटत नाही तोच तो आपणहून म्हणाला, "ठरलं. वीणाच करू."

मंजुषाच्या मनात पाल चुकचुकली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम करायचा हट्ट धरून बसलेला हा पोरगा एकदम कसा काय वळला?

दोन हजार पाच साल. इंदिरानगरातला मल्टिमीडियाचा क्लास. शेखर, पूजा आणि मंजुषा असा तिघांचा गट. बघणाऱ्याने हात लावला की पडद्यावरचं चित्र बदलायला हवं, एवढीच महेश सरांची अट. मंजुषाच्या डोळ्यांपुढे होता तिच्या गावचा, मखमलाबादचा हरिनाम सप्ताह. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा संपला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, अन् दोघं एकमेकांच्या पाया पडतात. कीर्तनात बुवा रंगून नाचू लागले तरी मागचा झंकार आपला चालूच. ऐकणाऱ्याला वाटतं, देवच श्वास घेतोय. तसंच माउसचं करायचं. बटण दाबून धरलं की पडद्यावरची वीणा हलणार अन् नामाचा गजर, सोडलं की शांत. पुढच्याने धरल्यावरच आधीच्याने सोडायचं.

गजराला आवाज घ्यायचा होता तिच्या वडिलांचा, सावळीरामअण्णांचा. फुलांच्या मळ्यात खुरपतानाही गाणारा माणूस तो. विचारल्यावर लहान पोरासारखे खुलले होते. "माझा आवाज कॉम्प्युटरात? लय भारी काम हाय की!" त्याच आवाजावर उद्या वर्ग खिदळला तर? मंजुषाला ते सोसलं नसतं.

आज विषय सांगायचा शेवटचा दिवस. ती आत आली तशी शेखर आणि पूजाची कुजबुज थांबली.

"काय चाललंय?"

"कुठं काय?" पूजा छताकडे बघत म्हणाली.

शेखरने घाईघाईने पडद्यावरची खिडकी बंद केली, पण मंजुषाला दिसायचं ते दिसलंच. कपाळाला भला मोठा टिळा, गळ्यात वीणा, वाकडेतिकडे पाय आणि रडवेलं तोंड. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

"अण्णांची नक्कल करता होय रे? म्हणून वीणा पाहिजे तुला! मी सरांना सांगते, विषय रद्द."

"मंजे, थांब की!"

"मग उघड ते चित्र."

शेखर हलेना. शेवटी पूजाच म्हणाली, "सांगून टाक आता. शपथ घालून माझं तोंड शिवलंयस, माझं पोट फुटेल."

त्याने चित्र उघडलं. वीणा घेतलेल्या त्या माणसाच्या अंगात जीन्स होती आणि खांद्याला क्लासची सॅक.

"हा मी आहे," शेखर पुटपुटला. "त्याच आठवड्यात तुमच्या सप्ताहात आलो होतो. म्हटलं, बघू तरी ही म्हणते काय ते. तुझ्या अण्णांच्या शेजारी उभा राहिलो, तर त्यांना वाटलं बदली आलेला पहारेकरी मीच! कपाळी बुक्का लावला, वीणा गळ्यात घातली, वर माझ्या पाया पडले. माझ्या गं! आणि गेले जेवायला."

"तू सांगायचं ना."

"कुणाला? सगळे आपापल्या नादात. पळावं म्हटलं, तर ती ठेवायची कुठं? मान मोडली, पायांना मुंग्या आल्या. अर्धा पहारा सरल्यावर मात्र तो झंकार..." त्याने माउस उगाच फिरवला. "जाऊ दे. तू हसशील."

"खोटं बोलतोयस," मंजुषा म्हणाली, पण आवाजातली धार कमी झाली होती. "वीणा उतरवली कोणी?"

"एक म्हातारबाबा डोळे चोळत आले. केरूबाबा म्हणत होते त्यांना. पंगतीनंतर मागच्या खोलीत डोळा लागला म्हणे. म्हणाले, कुणाला सांगू नको पोरा, लोक शेण घालतील तोंडात."

म्हणजे खोटं नव्हतं हे. केरूबाबा मंजुषाचे चुलत आजोबा; त्यांनी घरी कबूल केलेली ही झोपेची गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. बाबांची लाज राखायला घरच्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आणि ह्या पोरानेही आपल्या फजितीपेक्षा तीच गोष्ट जास्त जपली होती.

दारातून महेश सरांनी विचारलं, "काय, तुमच्या गटाचं ठरलं का?"

दोघांनी मंजुषाकडे पाहिलं. ती अजून चित्र निरखत होती.

"वीणा, सर," ती म्हणाली. मग शेखरकडे वळली. "आधी ह्याच्या पायातले बूट काढ. बूट घालून कोणी वीणा घेतं होय?"

"काढले होते गं मी," शेखर कळवळून म्हणाला आणि चित्रातले बूट पुसायला लागला.