'झोडपणे'ची उदाहरणं

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे: उदाहरण मनाने रचायचं नाही. कानाने ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं कार्डावर लिहायचं, खाली तारीख टाकायची आणि कार्ड दाराजवळच्या पेटीत सोडायचं. नावं गाळायची, लिहिणाऱ्याचंसुद्धा. सगळे 'तो' नाहीतर 'ती'. अक्षर सुटं आणि ठळक, म्हणजे टंकलेखिकेला डोळे फोडावे लागत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचं अक्षर सारखंच दिसतं, आणि मला त्याचा केवढा अभिमान!

पेटीतली कार्डं मी रोज संध्याकाळी घरी नेते. आमचे हे शाळेतून निवृत्त झालेत. जेवणाच्या टेबलाशी बसून ते ती अक्षरवारीने लावतात, सकाळी मी गठ्ठा परत आणते. 'फुकटचा कारकून' म्हणते मी त्यांना. ते हसतात.

तर 'झ' चालू होता आणि 'झोडपणे' मुंगळ्याकडे होतं. मुंगळा म्हणजे आमचा उपसंपादक. एकदा शब्दाला चिकटला की सुटत नाही, म्हणून हे नाव. तीन वर्षं हंगामी होता बिचारा, आणि त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे माझ्या एका पत्रावर होतं. मसुदा त्याने बरा केला होता: दाणे सुटावेत म्हणून कणसं काठीने बडवणे, त्यावरून, गारांनी पीक झोडपणे, त्यावरून, कडक टीका करणे. शेजारणी एकमेकींना झोडपत नाहीत, त्या भांडतात. झोडपायला वरचा हात लागतो आणि समोरच्याला गप्प बसावं लागतं, हीसुद्धा नोंद त्याचीच. इथवर ठीक. मग म्हणतो कसा, "बाई, कणसं झोडपली की निदान दाणे तरी हाती लागतात. माणसाला झोडपून काय मिळतं, ते कुठे लिहायचं?"

मी चष्म्यावरून पाहिलं. हा टोमणा होता की शंका?

"कुठेही नाही," मी म्हटलं. "आणि एवढ्या रोजच्या क्रियापदाला उदाहरणं दोनच? तेवढंही जमत नसेल तर घरी बसा."

घरी जाऊनही मी तेच तणतणले. दोनच उदाहरणं! लोकांचे कान गेलेत कुठे?

पुढच्या चार दिवसांत गठ्ठ्यात त्याच शब्दाची चार कार्डं आली. वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

'खिडकी उघडी राहिली एवढ्यावरून तिने त्याला आल्याआल्या झोडपलं.'

'पाहुण्यांसमोर झोडपू नये, हेही तिला कळत नाही.'

'झोडपून झालं की ती चहा मागते.'

'तिने त्याला इतकं झोडपलं की तो जेवलाच नाही.'

ही 'ती' कोण, हे काय मला कळू नये? खिडकीवरून मी मुंगळ्याला कधी बोलले ते आठवेना, पण बोलले असणारच. पाहुणे तर सोमवारी कचेरीत आले होतेच. आणि चहा मी त्याच्याकडेच मागते. म्हणजे हा माझ्याच कोशात, माझ्याच नियमाने, माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करत होता! उद्या छापून आलं की संचालकांपुढे नाचवायला मोकळा. माझ्या खुर्चीवर डोळा, दुसरं काय!

पहिल्या कार्डापासूनच मी पाळत ठेवली होती. मी खोलीत शिरले की तो खण लावायचा. का? मी बोलत असताना काहीतरी लिहून घ्यायचा. काय? टंकलेखिकेला म्हणे त्याने विचारलं, बाई निवृत्त कधी होणार. हे तर उघडच झालं. तरी मी घाई केली नाही. तिसऱ्या कार्डानंतर त्याला दहा कोरी कार्डं मोजून दिली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका देऊन. तर चौथं कार्ड आलं, त्यावर ठिपका नव्हता. अट्टल! कोरी कार्डंसुद्धा बाहेरून आणतो.

गुरुवारी अकरा वाजता, मोठ्या खोलीत, सहाच्या सहा माणसं बसलेली असताना मी ती चारही कार्डं त्याच्या टेबलावर आपटली.

"लाज वाटत नाही? ज्या ताटात जेवता त्यातच थुंकता?"

तो उभा राहिला. कार्डं वाचली. कान लाल झाले त्याचे. "बाई, ही माझी नाहीत."

"मग काय पेटीने लिहिली? तीन वर्षांत एक धड मसुदा दिला नाहीत, आणि चालले मला कोशात घालायला! तुमच्यासारख्या घरभेद्याला कायम करण्यापेक्षा मी 'झ'च गाळून टाकीन."

कोणी मान वर केली नाही. तो खाली बसला आणि डबा न उघडताच घरी गेला. मी पत्र लिहिलं, 'कायम करू नये', आणि दोन वाजता संचालकांकडे पाठवून दिलं. मग डोकं दुखायला लागलं म्हणून चार वाजताच घरी आले.

हे टेबलाशी बसले होते. समोर माझ्याच कपाटातली कोरी कार्डं. सुट्या, ठळक, फळ्यावरच्या अक्षरात लिहीत होते. मी मागून वाचलं:

'झोडपल्यावर तो काही बोलत नाही, म्हणून तिला वाटतं त्याला लागलं नाही.'

"अहो! हे... हे तुम्ही?"

ते दचकले, पण कार्ड लपवलं नाही. "तूच म्हणालीस ना, उदाहरणं कमी पडताहेत. माझ्याकडे होती. दिली."

"खिडकी?"

"आपली. मागच्या मंगळवारी."

"पाहुणे?"

"तुझा भाऊ-भावजय आले होते."

चहाचं मी विचारलंच नाही. तशीच खुर्चीत बसले. सकाळचं सगळं त्यांना सांगितलं, पत्रासकट. त्यांचा चेहरा उतरला.

"त्या पोराची नोकरी घालवलीस? माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही हो," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

आधी संचालकांना फोन केला: पत्र मागे घेते, चूक माझी आहे, सर्वस्वी माझी. मग मुंगळ्याला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मागत होते.

"फोनवर नको, बाई," तो शांतपणे म्हणाला. "सहा माणसांसमोर बोललात. उद्या अकराला त्याच सहा माणसांसमोर सांगा. मी येईन. राहायचं की नाही, ते त्यानंतर ठरवीन."

"सांगते," मी म्हटलं. "नक्की सांगते."

फोन ठेवला. हे कार्डं गोळा करत होते.

"आणि तुमची माफी?" मी विचारलं. "ती कोणासमोर मागू?"

ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि या खेपेला त्यांना लागलं नसेल असं मला वाटलं नाही.

"माझ्या वेळी समोर सहसा कोणी नसायचंच गं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं. मला एकट्यालाच सांग."