जयवंतच्या तळहाताला कळलेला आवाज

मित्रांनो, इकडेतिकडे बघू नका, मीच बोलतोय! परळच्या पत्र्याच्या शेडमधला जुना अल्ट्रासोनिक मिक्सर. कापडछपाईचे रंग मी ध्वनिलहरींनी घोटतो. माझी धातूची दांडी सेकंदाला वीस हजार वेळा थरथरते. त्यामुळे रंगात बारीक बुडबुडे उठतात, फुटतात आणि त्यांच्या दणक्याने गुठळ्या मोडतात. दिवसभराचं घोटणं मी तासात उरकतो. माझा बहुतेक आवाज माणसाच्या कानापलीकडचा. उरते ती बारीक चरचर, तिच्यावर गल्लीतली कुत्री तेवढी वैतागतात.

गिरणी संपाला दोन वर्षं झाली होती. आमचे मालक पास्कलशेठ यांनी जयवंतला कामावर घेतलं. अठरा वर्षं तो गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. त्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले होते. त्याने मला सुरू केलं आणि वाट बघत बसला. यंत्र चालतंय म्हणजे ते गरजणारच, हा त्याचा हिशेब! मी गरजेना, म्हणून त्याने बटण फिरवत फिरवत शेवटाला नेलं. रंग तापला आणि नासक्या दुधासारखा फाटला.

"जयवंत, काय केलंस रे हे!"

"चालू झालाच नाय वाटलं, पास्कलशेठ. आवाजच नाय केला त्यानं."

पास्कलशेठनी फाटलेला रंग मोरीत ओतला. मग म्हणाले, "उद्या परत ये. उद्या पण बिघडलं, तर मात्र दुसरा माणूस बघावा लागेल."

दुसऱ्या दिवशी जयवंतने माझ्या अंगावर तळहात टेकला. साचा नीट चालतोय का, हे गिरणीत तो असंच बघायचा. माझी थरथर त्याला कळली. हळूहळू बटण फिरवत त्याने मला बेताच्या जोरावर आणलं आणि रंगाचं भांडं बर्फात ठेवलं.

तासाभराने पास्कलशेठनी रंगाचा थेंब बोटांवर चोळला. एकही कण लागला नाही.

"सोमवारपासून कायम ये."

जयवंत स्टुलावर बसला आणि मोठ्याने रडला.

पुढे वीस वर्षं त्याने मला सांभाळलं. माझ्या दांडीचं टोक झिजलं की सगळ्यांआधी त्यालाच कळायचं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखाच. पण कुणाच्या हातून पहिल्या दिवशी रंग फाटला, तर त्याला "उद्या परत ये" एवढं नक्की म्हणा.