दोन हिसके

"दोर धरायला माणूस हवाय," यास्पुर म्हणाला, तेव्हा म्हातारा निकलास वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाचे सुरीनं पातळ काप काढत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"कुणाला?"

"मला. थोरल्या कड्यावर उतरायचंय, परवा."

"म्हणजे तू खाली, आणि वर दुसरा कुणीतरी. एवढं डोकं कुणाचं फिरलंय?"

"म्हणून तर विचारायला आलोय."

"मला विचारू नकोस. माझ्या पोरांना विचारू नकोस. एल्स्पाला तर विचारूच नकोस." निकलासनं एक काप तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. "एकटाच उतर. वरच्या लोखंडी खुंटीला दोर बांध, जाताना तिला नमस्कार कर. ती तरी डुलक्या काढत नाही."

यास्पुर निघाला. हे ऐकायला मिळणार हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारून बघितलं. माणसाला आशा असते, आणि आशेइतकी निर्लज्ज गोष्ट दुसरी नाही.

स्कारव्हॉय बेटावर सगळी मिळून सात घरं. सातही घरं त्या कड्यावर जगतात. उन्हाळ्यात कड्याच्या कपारीत लोम्वी पक्षी हजारांनी बसतात. दोरावरून उतरायचं, पक्षी आणि अंडी काढायची, हिवाळ्याची बेगमी करायची. एक जण उतरतो, दुसरा वर खड्ड्यात पाय रोवून दोर धरतो. समुद्राच्या आणि पाखरांच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून बोलणं सगळं दोरातून. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे आणखी सोड. आमच्याकडे मुलाला आधी हे शिकवतात, मग प्रार्थना.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येते. ज्याच्या हातात रिकामा दोर वर आला, त्याच्या हाती पुन्हा कुणी आपला जीव देत नाही, आणि त्याचा दोरही कुणी धरत नाही. त्याला शिव्या देत नाहीत, मारत नाहीत. देवळात तो बाकावर बसला की शेजारचा जरासा सरकतो, एवढंच.

यास्पुरच्या हातात रिकामा दोर गेल्या जूनमध्ये आला होता. खाली त्याचा थोरला भाऊ हाइनी होता. वीस वर्षं दोघांनी एकमेकांचा दोर धरलेला. त्या दिवशी हाताला दोन हिसके बसले, यास्पुरनं ओढलं, आणि दोर हलका आला. शेवटची गाठ तुटलेली नव्हती, झिजलेली नव्हती. नीट हातानं सोडलेली होती. संध्याकाळी बोट कड्याखालून फिरून आली. पाखरं धरायला उतरतात त्या कड्यातल्या खडकाच्या ओट्यावर कुणी नव्हतं. पाण्यात हाइनीची टोपी सापडली.

तिसऱ्या दिवशी एल्स्पा, हाइनीची बायको, दारात उभी राहून बोलली होती.

"किती हिसके बसले, भावजी?"

"दोन."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

"गाठ त्यानं हातानं सोडलीय. ज्याच्या कमरेला दोरच नाही, तो हिसका कसा देईल?"

तिनं दार लावलं. तो त्याच घरात वाढला होता. त्या रात्रीच तो बोटीच्या छपरीत राहायला गेला. वर्षभरात ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

पहिले दोन-तीन महिने त्याला खात्री होती: दोनच. मग हिवाळा आला, छपरीत एकट्यानं बसून किती काळ खात्री टिकणार? डोळा लागला होता का? पाय अवघडले म्हणून घाई केली का? कधी त्याला दोन आठवायचे, कधी एक, कधी काहीच आठवायचं नाही. सगळं बेट एक गोष्ट म्हणतं आणि आपण दुसरी म्हणतो, तेव्हा माणूस हळूहळू बेटाच्या बाजूला जाऊन बसतो. भावाला आपणच मारलं का, हे त्याला कळायला हवं होतं. त्याखेरीज त्याला आता काहीही नको होतं.

म्हणून त्यानं गेल्या वर्षीचीच तिथी धरली. अमावस्येनंतरचा दुसरा दिवस, मोठी भरती, पश्चिमेचा वारा. दोर तोच घेतला.

सकाळी तो कड्यावर पोचला तेव्हा धुकं माथ्यावरून खाली ओघळत होतं. त्यानं दोर खुंटीला बांधला, तीनदा ताणून पाहिला. दोर धरणाऱ्याच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. बूट काढून त्यानं खुंटीपाशी ठेवले, पायात लोकरीचे जाड मोजे चढवले. ओल्या खडकावर लोकरच धरते. निकलासची आठवण येऊन त्यानं खरंच खुंटीला मान लववली. मग काठावरून पाय खाली सोडले.

चाळीस वाव, म्हणजे अडीचशे फुटांच्या आसपास उतरायचं होतं. वर माणूस असला की दोर जिवंत असतो, सैल पडतो, ताणला जातो, काहीतरी सांगत राहतो. हा दोर मेलेला होता. पायाखाली पाखरं चिरकत होती आणि त्याच्याही खाली कुठंतरी समुद्र आपटत होता, पण धुक्यामुळं दिसत नव्हता. पंधरा वावांवर एका कपारीतून पिवळ्या चोचीचा पक्षी त्याच्या बाहीवर घाणेरडं तेल थुंकला. यास्पुरनं त्याला मनापासून शिवी दिली आणि त्याला जरा बरं वाटलं. माणसाचा आवाज ऐकून किती वेळ झाला होता.

ओटा दोन हात रुंद होता. त्याच्या डाव्या टोकाला कड्यात एक काळी उभी भेग होती, खाली थेट समुद्राच्या गुहेपर्यंत गेलेली. तिला म्हातारीचा घसा म्हणत. ओट्यावरून कोपऱ्याआड वळलं की पाखरांची खरी गर्दी. पण कमरेला दोर ठेवून तो कोपरा वळता येत नसे. उतरणारे सगळे तिथं दोर सोडत, टोक दगडाखाली दाबून ठेवत आणि घरी सांगत की आम्ही दोर कधीच सोडत नाही. हाइनीही सांगायचा. एल्स्पाचा त्यावर विश्वास होता.

यास्पुरनं गाठ सोडली. टोकावर दगड ठेवला. ओट्याच्या उजव्या टोकाला जाऊन, पाठ कड्याला लावून बसला आणि दोराकडे बघत राहिला.

खाली भरती चढत होती. तासभर काही झालं नाही. आपण इथं काय बघायला आलोय, हे त्यालाच नीट सांगता आलं नसतं. काहीच झालं नाही तर? काहीच झालं नाही तर तेही उत्तरच होतं. मग वर जाऊन निकलासला सांगायचं, तुम्ही म्हणता तेच खरं. की वर जायचंच नाही? हा विचार त्याच्या मनात आला, आणि आल्यावर तिथंच बसून राहिला.

आणि मग सगळी पाखरं एकदम गप्प झाली.

खोल खालून, कड्याच्या पोटातून, एक मोठा उसासा वर आला. गुहेत लाट भरली होती आणि आतली हवा भेगेतून बाहेर निघत होती. भेगेसमोर लोंबणारा सैल दोर त्या झोतानं बाहेर फेकला गेला, ताणला गेला. हिसका. लाट मागे फिरली, म्हातारीनं श्वास आत घेतला, आणि दोर तिच्या घशात ओढला गेला. दुसरा हिसका.

एक. दोन.

यास्पुर मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. बहुतेक भावाचं नाव. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोनच होते! त्याचे हात खोटं बोलले नव्हते.

तेवढ्यात दगड उलटला. दोराचं टोक मोकळं झालं आणि वर सरकू लागलं.

वारा नव्हता तो. दोर हातभर वर जात होता, थांबत होता, पुन्हा हातभर वर जात होता, माणूस ओढतो तसा. वर कुणीही नव्हतं आणि कुणीतरी ओढत होतं.

यास्पुर उठून धावला. दोराचं टोक ओट्याबाहेर, दीड हातावर, त्याच्या छातीसमोरून जात होतं. त्याचा उजवा हात आपोआप बाहेर गेला, गुडघे वाकले, टाचा उचलल्या गेल्या. एक उडी, बस्स. त्याच क्षणी त्याला हाइनी कसा गेला ते कळलं. कुणी सांगितल्यासारखं स्पष्ट कळलं. हाइनी कोपऱ्याआडून आला, त्यानं दोर जाताना पाहिला आणि उडी मारली. यास्पुरनं डावा हात भेगेच्या कडेत खुपसला आणि उजवा हात छातीशी ओढून घेतला. दोर धुक्यात गेला.

तो बराच वेळ ओट्यावर उकिडवा बसून होता. निकलासची पोरं असतील, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण ती असती तर त्यांनी दोर कापला असता. असा सवयीनं, दोन हिसक्यांवर, हातभर-हातभर कोण ओढतं? वीस वर्षं त्याला असं एकाच माणसानं ओढलं होतं. हाइनी वर बसला असेल, तर तो आपल्याला काय विचारेल?

पण बसून भागणार नव्हतं. तो इथं आहे हे निकलासखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी बोट काढलीच असती असंही नाही. भेगेच्या उजवीकडून एक चीर तिरपी वर जात होती. त्यांच्या आजोबांच्या काळी कुणी वेडा तिच्यातून बिनदोर वर आल्याचं बाप सांगायचा. पुढं तो म्हणायचा, की त्या वेड्यानं नंतर कधी कड्याकडे तोंड केलं नाही.

जीव मुठीत धरून चढतात असं म्हणतात. खोटं आहे. मुठीत खडक धरावा लागतो, जिवाला जागा उरत नाही. यास्पुरनं मूठ चिरेत घालून आवळली, पाय वर घेतला, दुसरी मूठ घातली. बोटांची सालं निघाली. एके ठिकाणी हातातला दगड दाताप्रमाणं हलला आणि निघून आला. त्यानं तो अलगद खाली सोडला आणि पडल्याचा आवाज ऐकायचा नाही असं ठरवलं. तरी कान लागलेच होते. आवाज आला नाही. खाली म्हातारी पुन्हा पुन्हा श्वास घेत होती.

शेवटचे दहा वाव गवताचे. खडकानं जितकी माणसं मारलीत त्याहून या ओल्या गवतानं जास्त मारलीत. त्यानं कमरेची सुरी काढली, मुळांत रोवली, तिला धरून अंग वर ओढलं, सुरी उपटली, पुन्हा रोवली. माथा जवळ आला तशी त्याची भीती बदलली. आता पडायची भीती नव्हती. वर कोण आहे, ती होती. काठाखाली तो क्षणभर तसाच चिकटून राहिला. मग त्यानं डोकं वर काढलं.

आधी त्याला आपले बूट दिसले. मग काळा घागरा.

एल्स्पा दोर धरणाऱ्याच्या खड्ड्यात बसली होती. टाचा दगडाला लावलेल्या, पाण्यात भिजलेल्या. सगळा दोर वेटोळं होऊन तिच्या मांडीवर होता, आणि सुटलेलं टोक तिनं दोन्ही हातांत धरलं होतं. ती त्या टोकाकडे बघत होती.

"वहिनी."

तिनं मान वर केली. मेलेल्या माणसाकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली. तो रांगत तिच्यापर्यंत आला आणि गवतावर पडला.

"तू दोर घेऊन चाललास ते मी बटाट्याच्या वाफ्यातून पाहिलं," ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा होता. "तू मरतोस का, ते बघायला आले होते मी. खोटं कशाला बोलू."

यास्पुर उठून बसला.

"वर कुणीच नव्हतं. नुसती खुंटी. मला वाटलं, मेला तर मरू दे. तरी बसले. बापानं शिकवलंय मला, दोर असा सोडून द्यायचा नसतो. हातात घेतला." तिनं तळवे उघडले. दोन्ही सोलून निघाले होते. "आणि दोरानं मला ओढ म्हणून सांगितलं. मी ओढलं. तो हलका आला. मी ओढतच राहिले, आणि तो हलकाच येत राहिला."

किती वेळ ती तशी बसली होती, देव जाणे. यास्पुरला तिला सगळं सांगायचं होतं, म्हातारीचा घसा, लाट, झोत. वर्षभराचं साठलेलं सगळं. ते सांगायला पुष्कळ वेळ होता. त्यानं एवढंच विचारलं,

"किती हिसके, वहिनी?"

तिचा चेहरा आतून कोसळला.

"दोन," ती म्हणाली.

नक्की का, असं त्यानं विचारलं नाही. तेही तिनंच सांगितलं.

"नक्की, भावजी. दोनच होते."