पूर्वपक्षाची बारा पाने

‘सदर निबंधाची रचना सदोष असून त्यातील मजकूर प्रा. श्यामकांत गुप्ते यांच्या ग्रंथातून उतरविलेला आहे; सबब तो रद्द समजण्यात यावा.’

१९५६ च्या फेब्रुवारीत अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात आलेल्या परीक्षकाच्या अहवालातले हे वाक्य. परीक्षक स्वतः गुप्तेच होते. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश अशा तिघांची सोय एकाच कोटात झाली होती. शिवाय वाक्याची दोन अंगे एकमेकांशी भांडत होती. मजकूर ग्रंथातला असेल, तर रचनेचा दोषही ग्रंथाच्याच पदरी जातो. दोष विद्यार्थिनीचा असेल, तर तो तिने उतरविला कुठून?

विद्यार्थिनी जानकी परब. घाटकोपरच्या शाळेत ती शिकवीत होती आणि समाजशास्त्राच्या एम.ए.साठी माझ्याकडे येत होती. निबंध रद्द झाला तर वर्ष जाणार होते, आणि वर्ष गेले तर शाळेने जूनपर्यंत राखून ठेवलेली वरच्या वर्गांची जागाही. कोकणातून शहरात आलेल्या माणसांचे गावाकडचे मानपान टिकतात का, हा तिचा विषय. ते एका पिढीत विरघळतात, असा गुप्त्यांचा सिद्धान्त होता.

रचना तिला मी शिकविली होती. आधी विषय, मग शंका, मग पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध मत, मग त्याचे खंडन, शेवटी निर्णय. ‘विरुद्ध मत असे मांडा की प्रतिपक्षालाही ते स्वतःचे वाटावे,’ असे मी सांगितले होते. तिने ते शब्दशः पाळले. जुन्या शास्त्रकारांच्या रिवाजाप्रमाणे मत कोणाचे हे तिने ते संपल्यावरच लिहिले. गुरूचा उपदेश शिष्याने पाळला की अनर्थ होतो, हे मला वाचून ठाऊक होते; पाहिले प्रथमच.

चौकशी गुप्त्यांच्या मुलुंडच्या घरी रविवारी सकाळी झाली. प्राचार्य अनंतराव अध्यक्ष होते. जानकीबरोबर तिचे वडील धाकू परब आले होते. चाळीस वर्षे गिरणीत काढलेला तो गृहस्थ खुर्ची नाकारून ओटीच्या पायरीवर बसला.

“सातव्या पानावरचं हे वाक्य माझं आहे की नाही?” गुप्त्यांनी विचारले.

“तुमचंच आहे, सर,” जानकी म्हणाली.

“म्हणजे कबूल!”

“तुमचं आहे हे कबूल.”

अनंतरावांनी चष्मा काढला. “थांबा. परब, तुझं स्वतःचं मत काय? मानपान टिकतात की नाही?”

“टिकतात, सर.”

“अगं, पण इथे तर टिकत नाहीत असं लिहिलंयस!”

“ते गुप्तेसरांचं म्हणणं आहे.”

“मग चोरीच की ही!”

“चोरायचं तर मला पटणारं नसतं का चोरलं, सर?”

अनंतरावांनी चष्मा पुन्हा लावला. त्याने काही फरक पडला नाही. पायरीवरून धाकू म्हणाला, “म्हणजे सायबांचा म्हणणा हिना चोरल्यान, की सायबांकच समजावन सांगल्यान?”

कोणी हसले नाही. हसायचे कोणाला, हेच ठरत नव्हते.

मी निबंध हातात घेतला. पहिली बारा पाने तांबड्या पेन्सिलीने भरली होती. चौथ्या पानावर ‘उत्तम’ लिहून खोडले होते आणि त्याच्या डोक्यावर ‘चोरी’ लिहिले होते. तेराव्या पानापासून पेन्सिलीची एक रेघ नव्हती.

“तेराव्या पानाविषयी आपलं मत काय?” मी विचारले.

“तेच.”

“तेच म्हणजे कोणतं?”

अनंतरावांनी माझ्या हातून निबंध घेऊन पान उलटले आणि मोठ्याने वाचले: “‘येथवर मांडला तो प्रा. गुप्ते यांचा पक्ष. तो का मान्य होत नाही, ते आता पाहू.’”

त्यांनी पुढेही वाचले. घाटकोपरच्या एका खोलीत परबांच्या गावचे तीस पुरुष दर वर्षी जमत. शिमग्याला पालखीपुढचा पहिला नारळ कोणाच्या हाती द्यायचा, यावर ते दोन-दोन दिवस भांडत. त्यांतले एकोणीस मुंबईत जन्मलेले होते. जानकीने नावे, वये, पत्ते दिले होते.

गुप्त्यांनी निबंध मागून घेतला आणि तेराव्यापासून चोविसाव्या पानापर्यंत एकट्याने वाचला. मग त्यांनी आतून दौत आणविली. अनंतरावांनी दप्तरी लावण्यासाठी घेतलेला तो कागद मी उतरवून घेतला आहे. मजकूर असा:

“मी निबंधाची पहिली बारा पाने वाचली. माझे म्हणणे माझ्या ग्रंथापेक्षा तेथे अधिक नेटके मांडलेले दिसले, म्हणून चोरीचा संशय आला. पुढची पाने मी उघडली नाहीत; माझे म्हणणे संपल्यावर सांगण्यासारखे काही उरत असेल, असे मला वाटले नाही. निबंध रद्द करण्याची शिफारस मी मागे घेतो व तो उत्तीर्ण ठरवितो. गुण किती द्यावेत ते मात्र मला ठरविता येत नाही. मी सहमत आहे ती पाने तिला अमान्य आहेत, आणि तिला मान्य असलेल्या पानांना माझ्याजवळ आज उत्तर नाही.”